भिंतीवरून काढा

मयूर विहार, २८ जुलै

राधावहिनी,

चौदा वर्षांपूर्वी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध गॅसवर होतं आणि मी तांदूळ निवडत होते. एक डोळा दुधावर, एक कान नळाकडे, कारण लक्ष्मीबाई नगरात सकाळचं पाणी कधी दगा देईल सांगता यायचं नाही. ह्यांचा डबा भरून ठेवला होता. पोळ्या, दुधीची भाजी, लिंबाचं लोणचं. निरांजनातली वात बदलली होती. रोजच्यासारखीच सकाळ, फक्त पाटावर गणपती बसलेला. दाढी करता करता हे म्हणाले, "कुमुद, आजच विसर्जन करून टाकू."

मी म्हटलं, "अहो, भाऊजी संध्याकाळी आरतीला यायचेत. पाच दिवसांचं ठरलंय."

"दादाचं काय जातं? तो आता सेक्शनचा राजा आहे. माझी एकच किरकोळ रजा उरली आहे. ती आज घेतो. पाचव्या दिवशी मला कोण सोडणार?"

डबा भरलेलाच राहिला. दुपारी आम्ही यमुनेवर जाऊन आलो. संध्याकाळी भाऊजी दारात, हातात झांजा, आणि त्यांच्या मागे तुम्ही मोदकांचा डबा घेऊन. पाट रिकामा. भाऊजी म्हणाले, "गणपती कुठाय?" हे म्हणाले, "गेला." भाऊजी म्हणाले, "मला न विचारता?"

तिथे ह्यांनी गप्प बसायचं होतं. हे म्हणाले, "त्याला विचारलं होतं. तो हो म्हणाला."

झालं. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे असा फिरणारा आपला एकच गणपती होता, त्याचे पुढच्या वर्षीपासून दोन झाले. दोघे भाऊ दिल्लीत राहून अकरा वर्षं एकमेकांना दिसले नाहीत. आता ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील, तरी भांडण मात्र चांगलं धडधाकट आहे.

मी पत्र का लिहिते, तर परवा आपल्या मराठी मंडळाचे भालचंद्र भेटले. त्यांच्याकडून कळलं की तुमच्या जयंतची नागपूरला बदली झाली, क्वार्टर सोडायचं आहे आणि गणपती झाले की तुम्ही दोघं त्याच्याबरोबर कायमची जाणार. मला वाईट वाटलं. मग आठवलं की मला तुमच्याशी बोलता येत नाही. दवाखान्यात ह्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं: "दादा आधी आपल्याकडे आला तर तू जा. तोवर त्याच्या घरात पाऊल ठेवायचं नाही आणि त्या घरातल्या कुणाशी बोलायचं नाही." मी हो म्हटलं. नळ्या लावलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

पण लिहायचं नाही, असं काही ते म्हणाले नव्हते. म्हणून लिहिते आहे. बोलत नाहीये, हे लक्षात असू द्या.

तुमची,
कुमुद


मयूर विहार, ६ ऑगस्ट

राधावहिनी,

उत्तर आलं नाही. तुम्हालाही बंदी असणारच. ती फक्त बोलण्याची आहे की लिहिण्याचीही, ते एकदा बघून घ्या.

माझ्या मागच्या खोलीत सृष्टी नावाची मुलगी राहते. उदगीरची. यूपीएससीची तयारी करते. राजेंद्र नगरात तिला मिळालेल्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून ती एवढ्या लांब आली. ती म्हणते, "काकू, मयूर विहारहून आर. के. पुरमला पोस्टाने पत्र? व्हॉट्सअॅप करा ना." मी म्हटलं, व्हॉट्सअॅप म्हणजे बोलणंच झालं. त्यात समोरच्याने वाचलं की खुणा निळ्या होतात. पत्रात कोण वाचतं, कोण नाही, काही कळत नाही. तेवढी अब्रू राहते.

भालचंद्रांनी माझ्यामागे एक काम लावलं आहे. मंडळात चोवीस तारखेला परिसंवाद आहे. विषय: जुन्या साहित्यातली नीतिमूल्यं आजच्या तरुणांना लागू आहेत का. मला म्हणाले, "तुम्ही ज्येष्ठ वाचक म्हणून बोला." मी सातवी पास. वाचायला शिकले ती ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेतून. दर शनिवारी हे मंडळाच्या ग्रंथालयातून पुस्तक आणायचे. स्वतः कधी एक पान वाचलं नाही. कपाटासमोर उभे राहायचे आणि बोटांनी जाडी मोजायचे. "हे घे, आठवडाभर पुरेल." त्यामुळे मी बारीक पुस्तकं कधी वाचलीच नाहीत. पुष्कळ थोर लेखक बारीक लिहीत असतील, ते माझे राहून गेले.

मी भालचंद्रांना सांगितलं, बोलते, पण आधी तरुणांना एक जुनी कादंबरी वाचायला देते. मग त्यांना काय वाटलं ते सांगते. ते म्हणाले, "त्यांना काय वाटायचंय? मोबाइलमधून मान वर काढली तर ना!" खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

सृष्टीला आणि तिच्या दोन मित्रांना मी माझी ती बिनकव्हरची दिली. तुम्ही ती पाहिलेली नाही. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, म्हणून नाव कुणालाच माहीत नाही. ह्यांनी आणलेलं शेवटचं पुस्तक. ते आजारी पडले आणि परत करायचं राहिलं. त्यात द्वारका नावाची बाई आहे. तिच्या वडिलांचं आणि भावाचं, खंडेरावाचं, फाटलेलं असतं. वडील मरताना तिच्याकडून वचन घेतात की खंडेरावाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. घरं एकमेकांना लागून. भाऊ आजारी पडतो. ती भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकते आणि रोज काढा करून भिंतीवर ठेवते. तो पितो आणि रिकामं भांडं परत ठेवतो. अशी वर्षं जातात. एक दिवस भांडं परत येत नाही. ती उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. वचन मोडत नाही.

मी प्रत्येक वेळी रडते. माणसाने शब्द पाळावा तर असा.

मित्रांपैकी एक हेरंब, चिपळूणचा, चष्मेवाला, हुशार. दुसरा हणमंत, जतकडचा. तालमीत वाढलेला, पोळ्या किती खाल्ल्या ते त्यालाही कळत नाही. दोघे रविवारी जेवायला येतात. त्यांच्या परीक्षेत म्हणे नीतिमत्तेचा एक वेगळा पेपर असतो. म्हणजे नीतीला मार्क आहेत. हे आपल्या वेळी असतं तर भाऊजी आणि हे, दोघेही नापास झाले असते.

तुमची,
कुमुद


मयूर विहार, १६ ऑगस्ट

राधावहिनी,

तुमचं कार्ड आलं. तुम्ही एकच ओळ लिहिलीत: "काढा कशाचा होता?" आणि खाली कोपऱ्यात, माझ्या चांगल्याच ओळखीचं तिरपं अक्षर: "सूर्यकांतच्या दोन रजा शिल्लक होत्या. एक नव्हे."

म्हणजे भाऊजी वाचतात. वाचू देत. मी त्यांना लिहीत नाहीये, तुम्हाला लिहिते आहे. पण काढ्याचं उत्तर दोघांनाही चालेल: अडुळसा, सुंठ आणि ज्येष्ठमध.

गंमत म्हणजे हणमंतनेही हेच विचारलं. बाकी काही नाही. पुस्तक संपवून आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "काकू, काढा कशाचा होता ते लेखकानं दिलंय, पण गूळ घातला होता का ते दिलं नाही. अडुळसा कडू असतो. भाऊ बिनगुळाचा पीत असेल, तर त्याचंही प्रेम होतं म्हणायचं."

हेरंबने वही काढली. म्हणाला, "आपण केस स्टडी करू. आधी हितसंबंधी कोण कोण? द्वारका, खंडेराव, मृत वडील आणि गाय."

"गाय कुठून आली?" मी म्हटलं.

"काकू, ती सारखी काढ्याकडे बघते, दोन प्रकरणांत. कुठलाही हितसंबंधी सोडला की मार्क कापतात."

सृष्टी ताटावर बसली आणि उठून गेली. मला वाटलं पोट बिघडलं. मागे गेले तर डोळे लाल. म्हणाली, "मला राग आलाय."

"कुणाचा?"

"तुमच्या द्वारकाचा. भाऊ मरतोय आणि ही बाई उंबरा मोजत बसली. यार, आत जा ना!"

मी म्हटलं, "अगं, वचन दिलं होतं."

"वचन पाळलं ते बरोबर. मी कुठे नाही म्हणते? पण मग काढा कशाला? काढा दिला म्हणजे तिला जायचंच होतं. तिने वडिलांचं शब्दानं पाळलं आणि भावाचं चोरून पाळलं. दोघांचंही अर्धं अर्धं."

वहिनी, मी हे पुस्तक इतक्यांदा वाचलं, पण मला द्वारकाचा राग कधी आला नाही. आणि ही मुलगी कालच्या मंगळवारी तिला भेटली, तर जेवण सोडून रुसून बसली. भालचंद्र म्हणतात तरुणांना काही वाटत नाही. आमच्या घरी त्या दिवशी आमटी तशीच राहिली. अर्थात हणमंतने नंतर संपवली.

मग त्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. टेबलावर पाकीट होतं, त्यावर तुमचा पत्ता. सृष्टीने विचारलं, "काकू, तुमचं वचन नेमकं काय होतं? शब्द सांगा." मी सांगितले. हेरंबने लिहून घेतले. "'दादा आधी आपल्याकडे आला तर तू जा.' म्हणजे वचनाला अट आहे. मग ते कधी आले नाहीत?"

मी म्हटलं, "आले होते. पण खालपर्यंत."

हे मी तुम्हालाही लिहिलं नव्हतं. तुम्हाला माहीत असेलच, किंवा नसेलही. ह्यांच्या दहाव्याला भाऊजी सकाळी आमच्या सोसायटीत आले आणि गेटजवळच्या बाकावर बसले. गॅलरीतून मला त्यांची टोपी दिसत होती. मी वर बोलावलं नाही. कसं बोलावणार? बोलायचं नव्हतं ना. दुपारपर्यंत बसले आणि गेले.

मग हणमंत म्हणाला, "आमच्याकडे उंबऱ्यापासून परत गेलेला पाहुणाही आलेलाच धरतात."

हेरंब म्हणाला, "बाक म्हणजे घर नव्हे. पण सोसायटीच्या हद्दीत आले होते, हे नोंदवावं लागेल. वादग्रस्त मुद्दा आहे."

सृष्टीने विचारलं, "काकू, नुसते बसले होते? सकाळपासून? तुम्ही काहीच केलं नाही?"

"चहा पाठवला," मी म्हटलं. "आमच्या वॉचमनच्या हातून, अशोकच्या. साखर कमी."

"साखर कमी का?"

"त्यांना डायबेटिस आहे."

सृष्टीने पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "काकू, हा भिंतीवरचा काढाच झाला की."

मी पोळ्या करायला आत गेले. पोळ्या झालेल्या होत्या.

तुमची,
कुमुद


मयूर विहार, २४ ऑगस्ट, रात्री

राधावहिनी,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून हणमंत उद्या तुमच्या दाराच्या फटीतून टाकून येणार आहे. तो कुणाशी बोलणार नाही. त्याला तसं बजावलं आहे, पण काही खायला दिलंत तर तो शब्द मोडेल.

आज परिसंवाद झाला. माझ्या आधी एक निवृत्त सहसचिव बोलले. संस्कार, ऱ्हास, पाश्चात्त्य प्रभाव. टाळ्या झाल्या. मग मी उठले. भाषण लिहून नेलं होतं. तरुणांना मूल्यांची चाड राहिली नाही, त्यांनी द्वारकासारख्या बायकांकडून शिकावं, असं दोन पानं. पहिल्या रांगेत तिघं बसली होती. हेरंब वहीसकट.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, "मी ही कादंबरी पुष्कळदा वाचली आणि दर वेळी रडले. या मुलांनी एकदाच वाचली आणि भांडली. मला वाटायचं रडणं म्हणजे समजणं. आता तशी खात्री नाही. एवढंच." आणि खाली बसले. भालचंद्र म्हणाले, "दहा मिनिटं दिली होती, कुमुदताई!" मी म्हटलं, उरलेली यांना द्या. त्यावर हणमंत उभा राहून गुळाबद्दल बोलला. सहसचिवसाहेबांचा त्यात फार जीव रमला. त्यांच्या आई म्हणे काढ्यात खडीसाखर घालायच्या. सभा तिथेच संपली.

मेट्रोत सृष्टीने मला तोडगा सांगितला. हेरंबने तो तपासून बरोबर आहे म्हटलं. तो असा. तुमच्या घरात पाऊल ठेवायचं नाही, कबूल. बोलायचं नाही, कबूल. पण भाऊजी एकदा अर्धे आले होते. अर्धं येणं माझ्याकडे बाकी आहे. तेव्हा बुधवारी, चतुर्थीच्या सकाळी, मी तुमच्या इमारतीखाली येऊन बसणार आहे. पुढे यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. ते आले तर ते आधी आले. ह्यांचा शब्दही राहतो आणि काढाही द्यावा लागत नाही.

नाही आले तर दुपारी परत जाईन. शनिवारी तुमची गाडी आहे. मग नागपूर आणि दिल्ली, त्यात भिंतही राहणार नाही, नुसतं लांब. मला त्याची भीती वाटते. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं.

तुमच्या इमारतीखाली बाक आहे का, मला माहीत नाही. नसला तर मी घडीची खुर्ची घेऊन येते.

तुमची,
कुमुद


मयूर विहार, ३ सप्टेंबर

राधावहिनी, आणि भाऊजी, आता तुमचंही नाव लिहायला हरकत नाही,

नागपूरला सामान नीट पोचलं का? फुटलं काय काय?

त्या दिवशी वर तुम्ही आरतीच्या गडबडीत होतात, म्हणून खालची हकिकत तुम्हाला पूर्ण माहीत नाही. ती लिहिते.

तर बाक नव्हता. खुर्चीने मेट्रोत माझी अब्रू काढली. तपासणीच्या पोरीने विचारलं, "आंटी, ये क्या है?" मी म्हटलं, "कुर्सी." ती म्हणाली, "अंदर सीट मिलती है ना." तरी मशीनमधून घातलीच. बोटॅनिकल गार्डनला गाडी बदलली आणि दहाच्या सुमाराला मी तुमच्या जिन्यासमोर खुर्ची मांडून बसले. नवी साडी, मांडीवर दुर्वा.

तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "किसके यहाँ जाना है?" मी म्हटलं, "कहीं नहीं. बैठी हूँ." त्यांनी पाणी आणून दिलं. मग वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. मग त्या दोघी मिळून माझ्याबद्दल बोलू लागल्या, माझ्यासमोरच. एक म्हणाली, मुलाने घराबाहेर काढलं असेल. दुसरी म्हणाली, साडी तर चांगली आहे.

वर झांजा सुरू झाल्या. भाऊजींचा ठेका मला जिन्याखालूनही ओळखता येतो. मधेच एक जास्तीचा वाजवतात. आरती निम्म्यावर आली आणि थांबली. मग जयंत चहा घेऊन आला. "काकू, आईने पाठवलाय. वर चला ना, प्लीज." मी मानेने नाही म्हटलं. तो हसू की रडू अशा तोंडाने उभा. चहात आलं होतं आणि साखर व्यवस्थित होती. तुमच्या लक्षात राहिलं, मला डायबेटिस नाही.

कप रिकामा झाला आणि माझ्या मनात आलं, आता हाच कप वर परत जाईल आणि झालं, एवढंच होतं. द्वारकाचं भांडं. मी तो कप जयंतला दिला नाही. धरून बसले.

मग भाऊजी आले. सोवळं नेसलेले, हातात झांजा तशाच. शेवटच्या पायरीवर थांबले. त्या दोन्ही बाया बाजूला झाल्या. भाऊजी, तुम्ही म्हणालात, "कुमुद, सूर्या गेला, पण हट्ट तुझ्यापाशी ठेवून गेला का?"

तुम्ही आधी आला होतात. आधी बोललाही होतात. मला आता बोलता येत होतं, आणि तीन वर्षांत साठलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "दोन रजा होत्या, हे खरं आहे. दुसरी त्यांनी तुमच्या साठीच्या समारंभासाठी राखून ठेवली होती."

तुम्ही पायरीवर बसलात. सोवळ्यासकट. "मग सांगायचं ना गाढवाने," म्हणालात. उपरण्याने डोळे पुसलेत आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणालात, "चल, वर आरती अडली आहे. आणि एक आधीच सांगतो, हसायचं नाही. यंदा दीड दिवसाचाच आहे. शुक्रवारी पॅकर येणार आहेत."

मी हसले. तुम्ही रागावलात. मग झांजांसकट तुम्हीही हसलात, आणि तो आवाज ऐकून वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "कापूर विझला!"

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला बादलीत पाणी भरताना भाऊजींनी गणपतीला विचारलं, "जाऊ का म्हणतोस?" आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "हो म्हणाला." ते तुम्ही ऐकलंत, वहिनी, पण कशावरून ते फक्त आम्हाला दोघांना कळलं, असं मला वाटत होतं. नंतर पाहिलं तर तुम्ही पदराने तोंड झाकून मोरीकडे वळला होतात.

मुलांना सगळं सांगितलं. हेरंब म्हणतो, उत्तर आदर्श आहे, फक्त खुर्चीचा मुद्दा परीक्षकाला पटणार नाही. सृष्टी अजूनही द्वारकाला माफ करत नाही. हणमंत तुमच्या मोदकांची चौकशी करतो. म्हणजे तुम्ही त्याला दाराशी खायला दिलं होतंत आणि त्याने मला सांगितलं नव्हतं.

शनिवारी स्टेशनवर तुमची गाडी सुटली. मी फलाटावर शेवटचा डबा जाईपर्यंत उभी होते, मग घरी येऊन खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी मी मंडळात गेले आणि बिनकव्हरची परत केली. मग कपाटासमोर उभी राहून बोटांनी जाडी मोजली आणि सगळ्यांत जाड होतं ते पुस्तक घेऊन घरी आले.

तुमची,
कुमुद